निजलेली दाढ

आमच्या घरात कुणाची दाढ दुखायला लागली की गाल नंतर सुजतो, आधी सल्ले सुजतात. आईची खालची डावी दाढ ठणकायला लागली आणि त्याच संध्याकाळी पुण्याहून भावाचा फोन आला. "सरळ काढून टाक. या वयात रूट कॅनॉल कशाला?" मागून वहिनी सांगत होती, तिळाच्या तेलाच्या गुळण्या. माझ्या ऑफिसातल्या एकानं लेसरचा सल्ला दिला, दुसरा म्हणाला की रूट कॅनॉल केलेला दात आयुष्यभर विष सोडतो, असं त्यानं कुठेसं वाचलंय. जिची दाढ होती ती मात्र गालात लवंग धरून खिडकीशी बसली होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं, आणि मी तरी कुठे विचारलं होतं?

मी कुकटपल्लीत राहते, नोकरीसाठी आले आणि इथलीच झाले. बाबा गेल्यावर आईला पुण्याहून इकडे आणलं. तिचं माहेर निजामाकडचं, देगलूरच्याही पलीकडचं, शेतीवाडीचं घर, एवढंच मला माहीत होतं. लग्न होऊन ती पुण्यात आली तेव्हा सासरी तिच्या बोलण्याला 'तेलंगी हेल' म्हणून हसले, आणि तेव्हापासून तिनं माहेरचं बोलणं असं काही गिळलं की आम्हा मुलांच्या कानावर त्यातला एक शब्द पडला नाही. इथे आल्यावरही भाजीवाली तेलुगूत काही म्हणाली की ही माझ्याकडे बघायची. "मला नाही बाई समजत," म्हणायची. मला येतं ते 'एंता' आणि 'वद्दु'. कितीला आणि नको. पुण्याच्या माणसाला एवढ्या दोन शब्दांवर कुठेही संसार करता येतो.

तिला साखर आहे, म्हणून डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी गंभीर झाल्या. दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशी, एका टिफिन सेंटरच्या वर. जिन्यात कायम इडलीची वाफ आणि डेटॉल यांचा मिळून एक वास. बाई तरुण, शांत, हिंदीत बोलणाऱ्या, मध्येच तेलुगूत घसरणाऱ्या. फोटो काढला. दाढेच्या मुळाशी वाटाण्याएवढा काळा डाग होता. त्यांनी मला बाजूला घेऊन सगळं नीट सांगितलं. एक, रूट कॅनॉल: आतली नस काढायची, पोकळी साफ करून भरायची, दाढ जागेवर राहील. दोन, दाढ काढायची. मग आईच्या कवळीची तार जिला अडकते तीच ही दाढ, म्हणजे कवळीही गेली, नवी करेपर्यंत पेज आणि मऊ भात. तीन, गोळ्या देऊन थांबायचं. पण साखरेच्या माणसात पू गळ्याकडे उतरला तर श्वासाचं संकट, तेव्हा फार थांबू नका. अर्धी नस ठेवून औषध भरतात म्हणे, ते कोवळ्या दातांत, इथे नाही. "सोच के बताइए," म्हणाल्या.

मग त्या आईकडे वळल्या आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाल्या, "कुछ नहीं अम्मा. अंदर से साफ करेंगे, फिर ऊपर एक टोपी पहना देंगे. बस."

आईनं तोंड मिटलं. दिवा तोंडावर, आरसा हातात, बाई वाट बघतायत, आणि ही दातांवर दात धरून छताकडे बघतेय. चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं. मी म्हटलं, "आई, आऽ कर." नाही. मी चिडले, सगळ्यांसमोर चिडले, कारण अर्धा दिवस रजा टाकली होती आणि मला अशी रजा टाकायची सवय नाही. आई खुर्चीतून उतरली आणि चपला घालून जिन्याशी जाऊन उभी राहिली. बाईंनी गोळ्या लिहून दिल्या.

घरी आल्यावर इकडे आड तिकडे विहीर. काढावी तर आईचं बोळकं होणार आणि कवळी अडगळीत जाणार. आणि जेवणावर तिचा फार जीव. ठेवावी तर दोन-तीन वेळा त्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून बसायला हवं, आणि हिनं तर पहिल्याच वेळी कुलूप लावलं. थांबावं तर गळा. मी ऑफिसातल्या कामासारखा तक्ता करायला बसले, एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे, आणि दोन ओळींत कंटाळले. आईला विचारलं, "तुला काय हवंय?" ती म्हणाली, "मला काही नको. नुसतं शांत होऊ दे." म्हटलं, अगं, शांत होण्याचेच तर प्रकार सांगतेय.

गाल लिंबाएवढा सुजला. दुपारी मी शेजारच्या खोलीत काम करायची, दार लोटून. कुकटपल्लीची उन्हाळ्यातली दुपार म्हणजे रस्ता ओस, कुत्री गाड्यांखाली, फक्त पंख्यांचा आवाज. त्या आवाजात मला एक दिवस दुसरा आवाज ऐकू आला. आधी थोपटल्याचा. हळू, एका लयीत. मग कुणीतरी पुटपुटलं. आवाज आईच्या खोलीतून येत होता, पण तो आईचा वाटेना. बारीक होता, वर चढलेला. शेजारची पोरगी आत आली की काय, म्हणून मी उठून बघितलं. खोलीत आई एकटी, भिंतीकडे तोंड करून आडवी, हात गालावर. मी दारात आल्याबरोबर आवाज थांबला.

"काही म्हणालीस का?"

"नाही," आई म्हणाली. तो तिचा नेहमीचा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी मी दार उघडंच ठेवलं. तेच. थोपटणं, आणि त्या बारीक आवाजात एकच शब्द, पुन्हा पुन्हा. सुजलेल्या तोंडातून मधलं अक्षर नीट निघत नव्हतं, पण मला ऐकू आलं: पडू नको. पडू नको. दाढेला विनवतेय बिचारी, पडू नको म्हणून. मला भडभडून आलं. जी बाई नवरा गेला तेव्हा चारचौघांत रडली नाही, ती एका दाढेपुढे पदर पसरतेय. म्हटलं, ठरलं. तिला दाढ जायला नकोय, मग दाढ राहील. रूट कॅनॉल. मी दवाखान्यात फोन करून पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन टाकली, भावाला कळवलं, आणि त्यानं "तुझी मर्जी" असं लिहून पाठवलं. आमच्याकडे याचा अर्थ 'मी म्हटलं नव्हतं का' असा होतो.

आणि मग दाढ दुखायची थांबली.

आजार हत्तीच्या पावलानं येतो नि मुंगीच्या पावलानं जातो, असं म्हणतात. हे दुखणं तसं नाही गेलं. सकाळी उठली तेव्हा नव्हतंच. सूज उतरत आलेली. आईनं चहात बुडवून का होईना, खारी खाल्ली, तीही डाव्या बाजूनं. मी इतकी खूश झाले की ऑफिसच्या फोनवरही हसून बोलले. सुंठीवाचून खोकला गेला. वेळ रद्द करावी का, असा विचारही करून झाला.

"काय गं, आता ठणकत नाही ना?"

"नाही. झोपला."

हे मला जरा खटकलं. दाढ ती. झोपली म्हणायला हवं. मग वाटलं, मनात दात असेल, म्हणून झोपला. पुण्यात राहून व्याकरणाची खोड लागते, ती कुठेही गेलं तरी सुटत नाही. मी म्हटलं, "तरी एकदा दाखवून घेऊ."

"उठवू नको," आई म्हणाली. "किती दिवसांनी झोपलाय. कुणी आवाज करू नका." आणि तिनं स्वयंपाकघराचा नळ, जो आमच्याकडे कायम ठिबकतो, तो घट्ट पिळून बंद केला.

मला वाटलं होतं, दुखणं गेलं तर ते दुपारचं पुटपुटणंही जाईल. ते गेलं नाही. उलट मोठ्यानं यायला लागलं. एका दुपारी मी ऑफिसच्या बैठकीत होते, सगळे आपापल्या घरून बोलत होतो. माझी पाळी आली, मी माईक सुरू केला आणि दोन वाक्यं बोलले असेन. एक सहकारी, वरंगळकडचा, मध्येच म्हणाला, "आपके घर में छोटा बच्चा है क्या?"

"नहीं तो."

"कोई बच्चे को सुला रहा है. सुनाई दे रहा है. पडुको, पडुको. मतलब सो जा. हमारी साइड पंडुको बोलते, कोई लोग पडुको." तो हसला. "सॉरी, मुझे लगा बेबी है."

मी माईक बंद केला. पडू नको नाही. पडुको. झोप. आणि तेही मला न येणाऱ्या, आईला न येणाऱ्या भाषेत. मी बैठक तशीच चालू ठेवून उठले.

आई भिंतीकडे तोंड करून होती. हात गालावर नव्हता. ती बाजूच्या उशीलाही थोपटत नव्हती. उशी आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा होती, नुसती चादर, तिथे तिचा हात पडत होता. खाली टेकत नव्हता. चादरीच्या थोडा वरच थांबत होता, जसं तिथे काही असावं.

मी चिडकी आहे, पण त्या वेळी चिडले नाही. हळू विचारलं, "आई, कुणाला झोपवतेस?"

तिचा हात थांबला. मग भिंतीकडेच बघत म्हणाली, "माझ्या भावाला."

आईला भाऊ नव्हता. म्हणजे आम्हाला मामा नव्हता, एवढंच आम्हाला माहीत.

मी पलंगाच्या कडेला बसले. तिनं सांगितलं ते मराठीत सांगितलं, पण ते पुण्याचं मराठी नव्हतं. लेकरू म्हणत होती, निजवणं म्हणत होती. तिचा धाकटा भाऊ, वर्षाचाही नसेल. दात येत होते. हिरडी सुजली, अंगात ताप, दिवसरात्र रडायचा. शेतावर काढणीची घाई, तिची आई आजारी, घरात जो तो जागरणानं मेटाकुटीला आलेला. दात येताना लेकरं रडतातच, म्हणाले सगळे. घरी काम करणारी तेलुगू बाई होती, तिनंच माझ्या आईलाही लहानपणी झोपवलेलं. त्या दुपारी ती नव्हती. म्हणून आईला सांगितलं, तू घे त्याला. आई स्वतः परकरातली पोर. तिला झोपवायचं म्हणजे तेच माहीत होतं, त्या बाईचं. पडुको, पडुको. थोपटत राहिली.

"आणि झोपला," आई म्हणाली. "इतके दिवस कुणाकडून झोपला नव्हता, माझ्याकडून झोपला. मी त्याचं टोपडं नीट बांधलं, वारं लागू नये म्हणून. आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, झोपला. लई खूश झाले सगळे. कुणी आवाज करू नका म्हणाले. दुपारभर घर गप्प. मलाही शाबासकी दिली. मीही त्याच्या बाजूला निजले."

मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

"दिवेलागणीला मायनं टोपडं सोडलं तेव्हा कळलं. केव्हाच शांत झाला होता."

आपल्याकडे माणूस गेला तरी शांत झाला म्हणतात आणि दुखणं थांबलं तरी शांत झालं म्हणतात. मी जन्मभर दोन्ही बोलत आले, पण एकाच गोष्टीसाठी दोन्ही खरं असू शकेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मला तिचा तो दवाखान्यातला चेहरा आठवला. अंदर से साफ करेंगे, ऊपर टोपी पहना देंगे.

मी म्हटलं, "आई, दाढ वेगळी. ते वेगळं." एवढं बोलून मलाच लाज वाटली, कारण दाढेच्या मुळाशी तो काळा डाग मीही बघितला होता आणि दुखणं थांबल्यावर सोयीनं विसरले होते. साखरेचं, गळ्याचं, सगळंच. घर गप्प होतं म्हणून मीही खूश होते.

आई उठून बसली. केस बांधले. मला वाटलं आता परत म्हणेल, उठवू नको. ती म्हणाली, "चल. झोपलाय की गेलाय ते बघून घेऊ. तेव्हा कुणी बघितलं नाही."

दवाखान्यात या वेळी ती न सांगता खुर्चीत बसली आणि तोंड उघडलं. बाईंना मी जिन्यातच थोडक्यात सांगितलं होतं. टोपी हा शब्द काढू नका, एवढं तर नक्की सांगितलं होतं. त्यांनी कापसाच्या बोळ्यावर कसलासा फवारा मारला, तो पांढरा झाला, त्यातून गार धूर निघाला. "अम्मा, ठंडा लगे तो हाथ ऊपर." आधी उजवीकडच्या चांगल्या दाढेला लावला. आईचा हात झटक्यात वर गेला. पुढच्या दाताला लावला. हात वर. मग बोळा डाव्या दाढेला.

बाई तेलुगूत म्हणाल्या, सवयीनंच, "चल्लगा उंदा अम्मा?" गार लागतंय का?

आईचा हात मांडीवर. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर वाट बघणं. बोळा दाढेवर टेकलेला, बाईंची बोटं स्थिर. पंखा फिरत होता, खाली टिफिन सेंटरात कुणी भांडी घासत होतं. आई वाट बघत राहिली आणि मग तशाच उघड्या तोंडानं, त्या बारीक, वर चढलेल्या आवाजात तिनं विचारलं, "पेट्टारा?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला तेलुगू येत नाही, पण हे कळायला भाषा लागत नव्हती. ठेवलं का, असं विचारत होती. बोळा केव्हाचा ठेवलेला होता.

बाईंनी तो काढून घेतला. आईनं डोळे उघडून आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि समजायचं ते समजली. बाई मला सांगायला लागल्या, नस मेलीय, म्हणून दुखत नाही, आत पू आहेच, पण अजूनही रूट कॅनॉल होऊ शकतं, मेलेल्या दाढेचंही करतात, साफ करून भरली की वर्षानुवर्षं कामाला येते, कवळीही वाचेल. माझ्या तक्त्याप्रमाणे तेच बरोबर होतं. मी आईला मराठीत सगळं सांगितलं. या वेळी मात्र विचारलं, "तुला काय हवंय?"

"काढा," आई म्हणाली. "गेल्यावर घरात ठेवून घेत नाहीत."

"कवळी जाईल. पेज खावी लागेल."

"खाईन पेज."

मी आणखी काही म्हणणार होते. तक्त्यातलं. पण तिचं एवढं स्पष्ट उत्तर मी पुष्कळ वर्षांत ऐकलं नव्हतं. बाईंनी साखर तपासली, आधी गोळ्या पूर्ण करायला लावल्या आणि सूज पूर्ण बसल्यावर दाढ काढली. आईनं हूं की चूं केलं नाही. निघताना तिनं दाढ मागून घेतली. गॉझच्या तुकड्यात गुंडाळलेली दाढ मुठीत धरून ती घरी आली आणि गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत उलथण्यानं खड्डा केला. मी म्हटलं, तुळशीत का नाही? "तुळशीत नको," म्हणाली, "लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आमच्याकडे शेताच्या बांधाला पुरलं होतं. मला नेलं नव्हतं." माती सारखी केली, वर हात ठेवला, थोपटलं नाही. भावाला मी कळवलं की दाढ काढली. त्यानं लिहिलं, "तेच म्हणत होतो मी."

आता नवी कवळी आली आहे, तिला ती टोचते, आणि टोचली की ती भाजीवालीपाशी तेलुगूत तक्रार करते. फाडफाड बोलते. भाजीवालीला वाटतं ही पहिल्यापासून इथलीच. कढीपत्त्याचं झाड मात्र भलतंच फोफावलंय. मी फोडणीला बाहेरून जुडी आणते.

दुपारचं पुटपुटणं थांबलं. घर शांत असतं, आणि ते मला सोसत नाही. आई जेवून आडवी होते, भिंतीकडे तोंड करून, आणि मी कामावर बसते. थोड्या वेळानं उठावंच लागतं. दारात उभी राहते. तिची पाठ हलतेय की पंख्याच्या वाऱ्यानं पदर हलतोय, ते तिथून कळत नाही. पहिल्यांदा मी हाक मारली तेव्हा ती दचकून उठली आणि मला रागावली, झोपू देशील की नाही. तेव्हापासून हाक मारत नाही. नळाखाली हात ओला करते, हळूच जाऊन तिच्या तळपायाला लावते. डोळे न उघडता, कूस न बदलता, आई हात वर करते. मग मी परत कामावर जाऊन बसते.

काल तिनं हात जरा उशिरा वर केला.